माइक बंद ठेवून खेळणारा चौथा गडी

पत्राचा गोषवारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं हे पत्र. लिहिणारा मुलगा १९ वर्षांचा, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरचं सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. गावातले दोन मित्र, नागपूरला डिप्लोमा करणारा मामेभाऊ आणि तो, असे चौघे दीड वर्षापासून मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकीच्या लढाईचा खेळ खेळतात. स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या संघात, त्याच्याकडे सपोर्टचं काम आहे. औषधं आणि स्मोक, म्हणजे धुराचे बॉम्ब, जवळ बाळगायचे, नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून खाली पडलेल्याला, उचलायचं, मागची बाजू सांभाळायची. बाकीच्यांचा एम, म्हणजे नेम, चांगला म्हणून ते पुढे गेले आणि उरलेलं काम आपल्या वाट्याला आलं, असं तो लिहितो.

त्याचा माइक बहुतेक वेळ बंद असतो. एकदा रँडम, म्हणजे अनोळखी, खेळाडूंसोबत खेळताना त्याच्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीवर दोघे जण मॅच संपेपर्यंत हसत होते. तेव्हापासून तोंड उघडायची धास्ती बसली. मागच्या महिन्यात माणशी ५० रुपये फी भरून चौघे एका कस्टम रूममध्ये, म्हणजे कोणीतरी खाजगीत भरवलेल्या डावात, खेळले. शेवटच्या झोनमध्ये एक मित्र उघड्यावर नॉक झाला, हा त्याला उचलायला धावला, दोघेही मेले आणि मॅच गेली. "तुह्यामुळे गेली" हे वाक्य तो आता रोज ऐकतो.

आणि अशातच मामेभावाने नवीन गोष्ट काढली आहे. नकाशा सगळ्यांत जास्त तुलाच पाठ आहे, तर यापुढे तूच आयजीएल, म्हणजे खेळात संघाला सूचना देणारा म्होरक्या, हो, कॉल तूच दे, असं तो म्हणतो. गावच्या दोघांना हे पटत नाही. पत्राच्या शेवटी मुलगा विचारतो, "मले कॉन्फिडन्सच नाही. आधी तो कसा आणू ते सांगा. नाहीतर स्क्वाड सोडून देऊ काय?" जाता जाता एका ओळीत त्याने असंही लिहिलंय की तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं येतात म्हणून हिवाळ्यात तो जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, जातो, आणि बराचसा खेळ तिथेच मचाणावर बसून होतो.

उत्तर

तुझ्या पत्रात "माझी चूक" हे शब्द सहा वेळा आले आहेत. पण त्या रात्रीचा डाव तू इतका बारकाईने लिहिला आहेस की तो वाचल्यावर सगळी चूक तुझी होती असं मला वाटेना. म्हणून आधी त्या डावाकडेच जाऊ.

हे सदर वाचणाऱ्या आईवडिलांसाठी दोन ओळी. २०२० च्या सप्टेंबरात भारतात पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि २०२१ च्या जुलैत बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, हा खेळ त्याच्या जागी आला. नेहमीच्या मोठ्या डावात १०० खेळाडू एका बेटावर उतरतात, चौघांचा एक स्क्वाड असतो, खेळायची जागा, म्हणजे झोन, हळूहळू आकसत जातो आणि शेवटी जो स्क्वाड उरतो तो जिंकतो. गोळी लागून खेळाडू आधी नॉक होतो, म्हणजे खाली पडून रांगत राहतो. सोबत्याने वेळेत उचललं तर तो परत उभा राहतो.

आता तो डाव. तुझा मित्र दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला. तू दगडी भिंतीमागे होतास. मामेभाऊ टेकडीवर होता. चौथा गडी तुमच्यापासून लांब, मेलेल्या कुणाच्या तरी क्रेटमधून लूट घेत होता. पडलेला मित्र माइकवर काय म्हणत होता, ते तूच लिहिलंस: "उचल, उचल, लवकर उचल." बस, एवढंच. गोळी कुठून आली ते त्याने सांगितलं नाही. कोणत्या बाजूने मार बसतोय याची खूण पडद्यावर गोळी खाणाऱ्यालाच दिसते. म्हणजे ती दिशा फक्त त्याला माहीत होती.

एखाद्याला उचलायला साधारण १० सेकंद लागतात. तेवढा वेळ तुला बंदूक चालवता येत नाही, जागेवरून हलता येत नाही. १० सेकंद म्हणजे किती, ते एकदा घड्याळ लावून मोज. उघड्या जागेत, समोर शत्रू टपलेला असताना, इतका वेळ कोणीच वाचत नाही. वाचायचं तर आधी धूर लागतो, आणि शत्रूला डोकं वर काढू न देणारा दुसरा कोणी तरी लागतो. टेकडीवरचा मामेभाऊ हे करू शकला असता. पण तू निघाला आहेस हे त्याला कळलंच नाही, कारण तुझा माइक बंद होता. आणखी एक. पहिल्यांदा नॉक झालेल्याचा जीव हळूहळू जातो, पुढच्या प्रत्येक नॉकला तो जास्त वेगाने जातो. तुझा मित्र त्या डावात पहिल्यांदाच पडला होता. म्हणजे तुमच्याकडे वेळ होता. तो रांगत तुझ्या भिंतीपर्यंत येऊ शकला असता.

तर तुझ्या नावावर दोन चुका मी प्रामाणिकपणे लिहिते. बॅगेत दोन स्मोक असून तू एकही टाकला नाहीस, आणि "मी जातोय" हे तू बोलला नाहीस. दिशा न सांगणं, भिंतीकडे न रांगणं आणि शेवटच्या झोनमध्ये एकट्याने लूट करत बसणं, या तीन चुका इतरांच्या आहेत. पाच चुकांचा हिशोब एकट्या तुझ्या खात्यावर टाकला तर तुला त्रास होतोच, पण माझी खरी हरकत वेगळी आहे. त्या हिशोबात बाकीचे तिघे त्या डावातून काहीच शिकले नाहीत. पुढच्या वेळी मित्र पुन्हा "उचल, उचल" असंच ओरडणार.

हरण्याबद्दल एक साधं गणित. १०० खेळाडू म्हणजे २५ स्क्वाड. दर डावाला त्यातले २४ हरतात. स्पर्धांमध्ये बहुतेक वेळा १६ संघ असतात, म्हणजे १५ हरतात. दीड वर्षात तुमच्या शेकडो मॅच गेल्या असतील. त्या सगळ्यांचा दोष कोणी कोणाला दिला होता? ही एकच मॅच का लक्षात राहिली? माझा अंदाज असा की तिच्यात ५० रुपये होते.

त्या पैशांचंही आताच सांगून टाकते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळं मानलं आहे. ओळख ना पाळख अशा माणसाच्या क्यूआर कोडवर फी भरून खेळलेला डाव यातल्या कोणत्या बाजूला पडतो, या भानगडीत तू पडूच नकोस. फी मागणाऱ्या अशा रूम सोडून दे. खेळातली चूक आणि खिशातून गेलेला पैसा एकत्र आले की मित्राची जीभ जास्त कडू होते, हे तू अनुभवलं आहेस.

आता सपोर्टबद्दल. उरलेलं काम माझ्याकडे आलं, असं तू म्हणतोस. मला हे मान्य नाही. तालुक्याच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं मुलींच्या कबड्डी संघाबरोबर होते. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे त्या चढाई करणाऱ्या मुलीला आणि घोटा धरणाऱ्या कोपऱ्यातल्या मुलीला. पण घोटा धरल्यावर शेजारच्या कव्हरने झेप घेऊन अंगावर अंग टाकलं नाही, तर चढाईवाली सगळ्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत जाते. आमच्याकडे डाव्या कव्हरला तीन वर्षं एकच मुलगी खेळली. तिला कधी बक्षीस मिळालं नाही. ती आजारी पडली त्या सामन्यात आमच्या एकामागून एक चार पकडी सुटल्या, आणि मग सगळ्यांना तिचं काम दिसलं. तुमच्या खेळात तर हे आकड्यांतच आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये सध्या एका किलला १ गुण मिळतो आणि पहिल्या क्रमांकाला १०. चौघे शेवटपर्यंत जिवंत राहणं किती मोलाचं, ते यावरून समज. आणि जिवंत ठेवायचं काम कोणाकडे आहे?

तुझ्या पत्रातला आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटला. मचाणावर तुझा पिंग, म्हणजे नेटवर्कला लागणारा उशीर, १२० ते १८० मिलिसेकंद दाखवतो, आणि फोन जुना असल्यामुळे फ्रेम अडकतात. हे तू सहज लिहून गेलास, पण दोन ओळींनंतर "माझा एम खराब आहे" असंही लिहिलंस. मग तुझा एम खराब आहे की तुझं नेटवर्क? समोरासमोरच्या गोळीबारात एवढा उशीर फार महागात पडतो. समोरच्याने तुला टिपल्यावर तुझ्या पडद्यावर तो दिसतो. गावातल्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. लाइन गेली की टॉवर मंदावतो, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फोन तापून अडखळायला लागतो, आणि मुलं समजतात की आपल्याच बोटांत दम नाही. कोणत्याही स्क्वाडने कामं वाटताना आधी प्रत्येकाचा पिंग आणि फोन बघावा. ज्याचं नेटवर्क चांगलं त्याने पुढे जावं. झोन कुठे सरकतोय, कोणत्या वाटेने निघायचं, कोणतं घर धरायचं हे ठरवायला १५० चा पिंग आड येत नाही. मामेभाऊ तुला आयजीएल हो म्हणतो, त्यात मला तरी हा शहाणपणा दिसतो.

यावर तू म्हणशील, ते खरं, पण कॉन्फिडन्सचं काय?

आधी आत्मविश्वास आणायचा आणि मग काम हाती घ्यायचं, असा क्रम तू मनाशी धरला आहेस. अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या विषयाची नीट मांडणी केली. "हे मला जमेल" असं माणसाला कशामुळे वाटू लागतं, याची चार कारणं त्याने सांगितली. आपण स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना बघणं, इतरांचे शब्द, आणि आपल्या शरीराची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड, हाताला सुटलेला घाम. यात सगळ्यांत भक्कम कारण पहिलं, स्वतः केलेलं काम. तुझ्याकडे ते पहिलं कारण जमा होऊच शकत नाही, कारण तू माइकच उघडत नाहीस. आणि तिसरं कारण रोज उलट्या बाजूने काम करतंय. तेव्हा क्रम बदलावा लागेल. लहानसं काम आधी, विश्वास त्याच्या मागून.

आणि आता तुझ्या पत्रातली ती जागलीची ओळ.

मीही याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरची. माझे वडील जागलीला जायचे, आणि लहानपणी हट्ट करून मीही दोन-चार रात्री मचाणावर काढल्या आहेत. शेजारच्या वावरातून येणारी हाक मला अजून आठवते: "आले रे आले! नाल्याकून आले! सात-आठ हायेत! तुह्या तुरीकडे चालले, मी डबा वाजवतो!" तूही अशी हाक देत असशील. कदाचित मागच्याच आठवड्यात दिली असशील. त्या हाकेत काय काय आहे ते बघ. कुठून आले, किती आहेत, कुठे चालले आणि मी काय करतोय. आयजीएल असो की सपोर्ट, चांगल्या कॉलमध्ये नेमक्या ह्याच चार गोष्टी असतात. "एनिमी, एनिमी, इकडे" असा ओरडा म्हणजे कॉल नाही. "डाव्या घरात दोघं, वरच्या खिडकीत, मी स्मोक टाकतो" हा कॉल आहे.

ती हाक देताना तुझा आवाज लटपटतो का? मला खात्री आहे, लटपटत नाही. भाषा शुद्ध आहे का, कोणी हसेल का, हे मनातही येत नसेल. तुझ्यात बोलायची ताकद नाही असं जे तू स्वतःबद्दल लिहिलंस, ते म्हणून मला पटत नाही.

मग मचाणावरचा मुलगा बोलतो आणि त्याच मचाणावर फोन हातात घेतलेला मुलगा गप्प का बसतो? यावर मी बराच विचार केला. माझं उत्तर असं आहे. जागलीत चुकीची हाक माफ असते. अंधारात कुत्रं हललं आणि तू "डुकरं आली" म्हणून ओरडलास, तर शेजारी फार तर दोन शिव्या देऊन परत कांबळं ओढून घेतो. पण डुकरं येऊन गेली आणि तू हाक दिली नाहीस, तर मात्र सकाळी धुऱ्यावर जाब द्यावा लागतो. तुमच्या स्क्वाडमध्ये हा नियम उलटा झाला आहे. चुकीचा कॉल दिला की आठवडाभर टोमणे, आणि कॉलच दिला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा ठिकाणी कोणताही शहाणा माणूस गप्पच बसेल. तू ज्याला आपल्या स्वभावातली उणीव समजतोस, ती मला तुमच्या चौघांच्या रीतीतली उणीव वाटते. आणि रीत चौघांनी ठरवली तर बदलते.

म्हणून या दोन मित्रांशी बोलणं टाळू नकोस. मॅच संपल्या संपल्या मात्र बोलू नकोस, तेव्हा डोकी तापलेली असतात. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा घेताना काढ. सुरुवात स्वतःपासून कर, म्हणजे समोरचा लढायच्या पवित्र्यात येत नाही. "त्या दिवशी मी स्मोक टाकला नाही आणि जातो म्हणून बोललो नाही, ह्या दोन माझ्या. आता तू सांग, तुले गोळी कुठून लागली हे तू काहून बोलला नाही?" एवढं विचार आणि त्याला उत्तर देऊ दे. मग जागलीचा नियम सांग. तुम्ही चौघेही शेतकऱ्यांची पोरं, मामेभाऊसुद्धा दिवाळीला वावरात येतोच. हा नियम त्यांना समजावून सांगायला लागणार नाही.

आयजीएल व्हायचं का, याचं माझं उत्तर: अर्धं हो. स्क्वाड सोडलास तर भीती तुझ्यासोबत पुढच्या स्क्वाडमध्ये येईल. गप्प सपोर्ट म्हणून राहिलास तर वर्षभराने हेच पत्र पुन्हा लिहिशील. आणि एकदम पूर्ण आयजीएल झालास, तर पहिल्या दोन हरलेल्या मॅचमध्ये ते दोघे "म्हटलं नव्हतं काय" असं म्हणतील आणि तू माइक कायमचा बंद करशील. त्यापेक्षा काम वाटून घ्या. कुठे उतरायचं, कधी निघायचं, कोणत्या वाटेने जायचं आणि कोणती जागा धरायची, हे तू सांग. प्रत्यक्ष गोळीबार सुरू झाला की कॉल मामेभावाचा, कारण तो पुढे असतो आणि त्याचं नेटवर्क चांगलं आहे. अनेक संघ असं करतात, यात कमीपणा नाही. सपोर्टचं काम तुझ्याकडेच राहू दे. मागे राहणाऱ्याला नकाशाकडे बघायला सवड मिळते.

पहिले तीन-चार दिवस एकच गोष्ट बोल: झोन कुठे आला आणि किती वेळाने निघायचं. दुसरं काही नाही. मग वाट सांगायला लाग. मग स्मोक टाकण्याआधी आणि उचलायला निघण्याआधी "जातोय" म्हणायला लाग. एका वेळी एक. आणि तुझा कॉल चुकीचा वाटला तरी त्या डावापुरता तो पाळायचा, वाद मॅच संपल्यावर घालायचा, हे बाकीच्यांकडून आधीच कबूल करून घे. दोघे टेकडीवर आणि दोघे घरात, अशी फाटाफूट झालेला स्क्वाड चांगल्या कॉलवरही मरतो.

एकट्याने सराव करायचाही एक मार्ग आहे. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवून दिलं की आजूबाजूला लोक असले की अंगवळणी पडलेलं काम माणूस आणखी चांगलं करतो, आणि नवखं काम आणखी बिघडवतो. माइकवर बोलणं तुझ्यासाठी अजून नवखं आहे. ते अंगवळणी पडेपर्यंत लोकांसमोर बिघडणारच. म्हणून रोज एक डाव एकट्याने खेळ, माइक बंद ठेव, पण तोंडाने मोठ्याने सगळं बोलत राह. "झोन पूर्वेला गेला. एक मिनिटात निघतो. रस्ता टाळून टेकडीच्या मागून." घरात अवघड वाटत असेल तर गोठ्यात जा. दहा-पंधरा दिवसांत जिभेला शब्द सापडायला लागतात, आणि मग चौघांत बोलताना अर्धं काम आधीच झालेलं असतं.

मॅच सुरू होण्याआधी लॉबीत प्रत्येकाने एकेक वाक्य बोलावं, असा नियम करा. "मी पुढे, पिंग ४०." "मी सपोर्ट, स्मोक मी उचलणार, नेटवर्क आज कच्चं आहे." हे पोरखेळ वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी काढली, तिच्यात चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला पुढे काही चुकतंय असं दिसलं की बोलणं सोपं जातं, हा त्यामागचा विचार. तिथे वर्षानुवर्षं काम केलेले डॉक्टर आणि नर्स हे करतात. तुम्ही करायला काय हरकत आहे?

भाषेबद्दल एकच सांगते. स्क्वाडमध्ये वऱ्हाडीतच बोल. "मले नाल्याकडून आवाज येऊन राह्यला, दोघं असतीन" या वाक्यात दिशा आहे, संख्या आहे, आणि तुमच्या चौघांना ते ऐकताक्षणी कळतं. हिंदीत जुळवाजुळव करण्यात जे दोन सेकंद जातात तेही वाचतात. रँडम लोकांशी बोलायचं बंधन तुझ्यावर नाही. हसणाऱ्याला म्यूट करायचं बटण आहे, ते वापर. नकाशावर खूण करणं आणि तयार संदेश पाठवणं एवढ्यावरही त्यांच्यासोबत बरंच निभावतं.

हेच मी या निमित्ताने मुलींनाही सांगते. आवाज ऐकू आला की घाणेरडं बोलणं सुरू होतं म्हणून माइक बंद ठेवणाऱ्या मुलींची पत्रं माझ्याकडे येतात. त्यांना मी "घाबरू नकोस, बोल" असं कधीच सांगणार नाही. तिथे गप्प राहण्यात त्यांची काहीही चूक नाही. ओळखीच्यांचा स्क्वाड करा, बाहेरच्यांसोबत खुणांवर खेळा, आणि घाण बोलणाऱ्याची तक्रार त्याच खेळात नोंदवा, म्यूट करून सोडून देऊ नका.

दुसरे खेळ खेळणाऱ्यांनाही हे लागू आहे. व्हॅलोरंटमध्ये पाच जणांत कामं वाटलेली असतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या पाच जणांच्या मोहिमेत एक जण मार झेलतो, एक जण सगळ्यांना बरं करतो आणि तिघे मारा करतात. तिथेही कोणी मेलं की सगळे आधी बरं करणाऱ्याकडे बघतात. मेलेला गडी चुकीच्या जागी उभा होता का, हे कोणी विचारत नाही. अशी जागा सांभाळणाऱ्याने डावाचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवावं आणि शांतपणे परत बघावं. तूही ठेव. तीस सेकंदांचा तुकडा पुरतो. तो चौघांनी मिळून बघितला की "कोणामुळे" ऐवजी "कुठे" हा शब्द बोलण्यात यायला लागतो.

आणि समजा हे सगळं करूनही महिनाभराने तेच टोमणे चालू राहिले, तर सोड तो स्क्वाड. त्यात हार नाही. फक्त स्क्वाड सोडताना मित्र सोडू नकोस. त्याच पोरांसोबत तुला पोळ्याला बैल सजवायचे आहेत आणि सवंगणीला एकमेकांच्या वावरात जायचं आहे. "खेळात आपलं जमत नाही, बाकी आहे तसंच" एवढं सरळ सांगून मोकळा हो, आणि मामेभावासोबत दोघांचा डाव खेळ.

राहिली एक गोष्ट, जी वाचून मला खरंच काळजी वाटली. मचाणावर दोन्ही कानांत इअरफोन घालून तू तासन् तास खेळतोस. रानडुक्कर अंगावर येतं तेव्हा आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर. यवतमाळच्या काही पट्ट्यांत तर वाघही फिरतो. स्क्वाडची मॅच घरून खेळ, किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी खेळ. जागलीच्या रात्री खेळायचंच झालं तर एखादाच छोटा डाव, एका कानात इअरफोन, दुसरा कान वावराकडे, आणि टॉर्च हाताला लागेल अशी. सकाळी कॉलेजची एसटी पकडायची असते, तेव्हा मध्यरात्रीनंतर फोन खिशात. शनिवारी घरून पहिली मॅच लाव, त्यात फक्त झोन सांग, आणि त्या मॅचमध्ये किती वेळा बोललास ते मोजून मला कळव.